पॅनल अर्ध्यात अडकतंय? मोटर बदलण्याआधी हे तपासा

डिकीत अँप (ॲम्प्लिफायर) घेऊन वर येणारा तळ असो, वूफरपुढून बाजूला सरकणारी ॲक्रिलिकची पाटी असो, नाहीतर डॅशबोर्डमधून बाहेर येणारी स्क्रीन. मोटरवर हलणाऱ्या पॅनलची तक्रार बहुतेक एकच असते. बसवलं तेव्हा झकास चालायचं, आता मध्येच थांबतं. गाडीवाला येतो तो निदान सोबत घेऊनच येतो: "दादा, मोटर गेली, नवी टाका." नवी मोटर टाकली की जोर थोडा वाढतो, पॅनल महिना-दोन महिने चालतं आणि पुन्हा तिथेच अडकतं. मोटर क्वचितच गेलेली असते. अडथळा दुसरीकडे असतो आणि तो कुठे आहे हे पॅनल स्वतःच सांगत असतं, फक्त बघणाऱ्याने बघायला हवं.

लक्षणं

कागद घ्या आणि यातलं तुमच्या गाडीत काय होतं ते लिहा.

- दर वेळी त्याच जागी अडकतं.
- दर वेळी वेगळ्या जागी थांबतं, कधी पूर्णही जातं.
- सकाळी चालतं, दुपारी उन्हात उभ्या गाडीत अडकतं.
- वर जातं पण खाली येत नाही, किंवा उलट.
- टोकाला पोचतं, पण मोटर कण्हत राहते, मग फ्यूज जातो.
- एक कोपरा पुढे, दुसरा मागे, असं तिरकं चालतं.
- रिलेचा (छोट्या करंटने मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचा) 'टक' आवाज येतो, हालचाल काहीच नाही.
- चारपाच वेळा वर-खाली केल्यावर थांबतं, चहा पिऊन आलं की पुन्हा चालतं.

पहिल्या दोन ओळींतला फरक सगळ्यात महत्त्वाचा. त्याच जागी अडकत असेल तर दोष लाकडात-लोखंडात आहे: चॅनल (पॅनल ज्यावर सरकतं ती पट्टी), स्क्रू, फट, कोन. जागा बदलत असेल तर दोष करंटमध्ये आहे: बॅटरी, वायर, अर्थ (गाडीच्या पत्र्याला दिलेली मायनसची जोडणी), रिले. पॅनलच्या कडेला पांढऱ्या टेपचा तुकडा लावा आणि थांबलं की तिथे पेनने खूण करा. चारपाच खुणा झाल्या की निम्मं काम झालं. या खुणांशिवाय माझ्या बाकावर काम सुरू होत नाही.

हात घालण्याआधी

पॅनलचा फ्यूज काढा. स्क्रूवर चालणारा लिनियर ॲक्च्युएटर (मोटरने दांडा लांब-आखूड करून पॅनल ढकलणारा) आणि पॉवर विंडोची मोटर दोन्ही वर्मसारख्या गिअरवर चालतात. बोट मध्ये आलं तरी त्यांना कळत नाही आणि हाताने मागेही ढकलता येत नाहीत. तुमचं डोकं डिकीत असताना पोराने पुढे रिमोटचं बटण दाबलं, तर वरचं पॅनल खाली येणारच. वर उचललेल्या पॅनलखाली लाकडाचा ठोकळा लावा. नुसत्या मोटरच्या भरवशावर ते राहू देऊ नका.

फुकटच्या तपासण्या

म्युझिक बंद, इंजिन चालू, अशा स्थितीत पॅनल चालवून बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. बंद गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते आणि १२.२ ला ती निम्मी उतरलेली असते. इंजिन चालू केल्यावर पॅनल नीट चाललं तर मोटर, चॅनल, रिले यांना लगेच हात लावायचं कारण नाही, आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल बघा. वूफर दणकत असतानाच थांबत असेल, तर बेसच्या प्रत्येक ठोक्याला अँप जो करंट ओढतो त्याने व्होल्टेज खाली बसतं. कंट्रोलर बोर्ड (पॅनलला आज्ञा देणारं सर्किट) लावलेला असेल तर तो अशा वेळी रीसेट होतो आणि पॅनल कुठेही सोडून देतो.

सेल मारतानाच थांबत असेल तर तो दोषच नाही. सेलला व्होल्टेज ९-१० पर्यंत उतरतं, शिवाय चावीची ॲक्सेसरी लाइन क्षणभर बंद होते. पॅनलची आज्ञा त्याच लाइनवर घेतली असेल तर ते मध्ये थांबणारच. काही सेकंदांचा डिले टायमर लावला की प्रश्न मिटतो.

चहा पिऊन आल्यावर चालतं, हे लक्षण लगीनसराईत फार दिसतं. वरातीत गाडी उभी असते, पोरं म्हणतात अजून एकदा, अजून एकदा. पॉवर विंडोच्या मोटरला तापल्यावर आपोआप तोडणारा कट-ऑफ असतो. लिनियर ॲक्च्युएटरही सतत चालण्यासाठी बनवलेला नसतो. पुष्कळांवर २५ टक्के ड्यूटी लिहिलेली असते, म्हणजे एक मिनिट चालला तर तीन मिनिटं विश्रांती. दाखवायचं तेवढं दाखवा आणि थांबा.

फ्यूज आणि त्याचा होल्डर

फ्यूज काढून पात्या बघा. पात्या काळ्या पडल्या असतील किंवा होल्डरचं प्लास्टिक वितळून पिवळसर झालं असेल, तर फ्यूज शाबूत असूनही तिथे करंट अडतो. होल्डर बदला, खर्च किरकोळ आहे. मात्र १० अँपिअरचा फ्यूज जातो म्हणून ३० चा टाकणं हा मूर्खपणा आहे. फ्यूज वायरसाठी असतो. मोठा टाकला की जळायची पाळी वायरची, आणि ती कार्पेटखालून गेलेली असते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत आहे ना, हेही याच वेळी बघून घ्या.

चॅनल, फुफाटा आणि ऊन

इथे जरा थांबून बोलतो, कारण आपल्या मराठवाड्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांचा घोळ इथेच सापडतो.

टेलिस्कोपिक चॅनल हे खरं तर घरातल्या ड्रॉवरचं सामान. ते काळ्या मातीच्या फुफाट्यासाठी बनलेलं नाही. बसवणाऱ्याने उत्साहाने भरपूर ग्रीस लावलेलं असतं, त्यावर धूळ बसते आणि छऱ्यांभोवती घट्ट काळी पेस्ट तयार होते. सेलू-मानवतकडच्या गाड्यांत तर त्यात कापसाचे तंतूही गुंतलेले सापडतात. अशा चॅनलवर आणखी ग्रीस लावू नका. जुनं केरोसिनने आणि ब्रशने पूर्ण काढा, कापडाने कोरडं करा, मग सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारा. केरोसिन वापरताना डिकी उघडी, फ्यूज काढलेला आणि बिडी लांब.

आता खरी परीक्षा. ॲक्च्युएटरची पिन काढा म्हणजे पॅनल मोकळं होईल, आणि ते हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. सरकणारं पॅनल दोन बोटांनी गेलं पाहिजे. कुठे अडखळतं ते टेपवरच्या खुणेशी ताडून बघा. खूण आणि अडखळण एकाच जागी आलं, की दोष सापडला. बहुतेक वेळा तिथे वूफरच्या दणक्याने ढिला होऊन बाहेर आलेला स्क्रू असतो, सुटून दुमडलेलं रेक्झिन असतं, नाहीतर पॅनलमागची वायर चॅनलमध्ये आलेली असते. स्क्रूच्या जागी नायलॉन लॉकवाला नट-बोल्ट लावा. प्लायमध्ये नुसता स्क्रू या दणक्यात टिकत नाही.

स्प्रिंगचा वजनकाटा असेल तर पॅनलला अडकवून ओढा. ॲक्च्युएटरवर लिहिलेल्या जोराच्या निम्म्यापेक्षा जास्त ओढ लागत असेल, तर आज तो चालेल पण उन्हाळ्यात अडकेल.

दुपारी अडकण्याचं गणित असं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश असताना बंद गाडीत ६० च्या वर तापमान जातं. सकाळच्या २० अंशांत बसवलेली ६० सेंटीमीटरची ॲक्रिलिकची पाटी ६० अंशांत सुमारे दीड मिलिमीटरने वाढते. तिच्या भोवतीची लोखंडी फ्रेम वाढते जेमतेम ०.३ मिलिमीटर. बसवताना कारागिराने "फट दिसायला नको" म्हणून कडेला एकेक मिलिमीटरच सोडलेला असेल आणि पॅनल एका कडेला ओढून बसवलेलं असेल, तर दुपारी ते घासणारच. वरून रेक्झिनची जाडी वेगळी. मी आडवी जागा सोडताना दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर सोडतो आणि गिऱ्हाईक कुरकुरलं तर काठाला काळी फेल्ट पट्टी लावतो, फट डोळ्यांना दिसत नाही.

एमडीएफचं पॅनल असेल तर उलटा हंगाम बघा. ते पावसाळ्यात ओल धरून कडांनी फुगतं. कडा प्रायमर किंवा लॅकरने सील केल्या नसतील तर जुलैत घासणं सुरू होतं आणि दिवाळीनंतर आपोआप थांबतं. त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही.

गॅसचा दट्ट्या लावलेलं पॅनल दुपारी उघडतं पण बंद होत नाही, अशी तक्रार आली तर चकित होऊ नका. आतला गॅस तापला की दाब वाढतो. २० वरून ६० अंशांवर गेला की जवळपास १४ टक्क्यांनी. म्हणजे बंद करताना मोटरला तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. दट्ट्या कमी ताकदीचा लावणे किंवा तो जिथे जोडलाय तो बिंदू सरकवणे, हे दोनच उपाय.

रिलेची अदलाबदल

मोटर उलट-सुलट फिरवायला साधारण पाच पिनांचे दोन रिले असतात. दोघांच्या ८७ नंबरच्या पिनेला प्लस, ८७ए ला अर्थ, आणि ३० वरून मोटरच्या दोन वायरी. एक रिले ओढला की वर, दुसरा ओढला की खाली.

एकाच दिशेला अडत असेल तर दोन्ही रिले काढून एकमेकांच्या जागी लावा. दोषाची दिशा बदलली, म्हणजे आधी वर जात नव्हतं आणि आता खाली येत नाही, तर रिले खराब आहे. शे-दीडशे रुपयांत काम झालं. दोष तिथेच राहिला तर रिले निर्दोष. वायरिंग किंवा लिमिट स्विच (टोकाला मोटर थांबवणारा) बघा. या तपासणीला मीटरसुद्धा लागत नाही, म्हणून ती मीटरच्या आधी.

टक आवाजच येत नसेल तर आज्ञा पोचत नाही. स्टिरिओची निळी-पांढरी रिमोट वायर तपासा. ती फक्त रिलेच्या कॉइलसाठी (रिले ओढणाऱ्या आतल्या वेटोळ्यासाठी) आहे. तिच्यावर थेट मोटर जोडलेली दिसली तर आधी ती सोडवा. त्या वायरीत मोटरचा भार पेलायची ताकद नसते आणि स्टिरिओचं आउटपुट जळतं. प्रत्येक कॉइलवर १एन ४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा जोडलेला हवा, नाहीतर रिले सुटताना उठणारा झटका हळूहळू कंट्रोलर खातो.

मीटर लावून

जागा बदलत थांबणाऱ्या पॅनलला आता मल्टिमीटर लागतो. स्वस्तातला चालेल. पण मोजायचं ते पॅनल *चालत असताना*. रिकाम्या वायरीत १२ व्होल्ट दिसणारच, त्याला अर्थ नाही.

मीटरची एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी रिलेच्या ८७ वर. पॅनल चालवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर तेवढं व्होल्टेज वाटेतच गळतंय. मग एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी ८७ए वर. तिथेही हाच नियम. दोन्ही ठीक असतील तर शेवटी थेट मोटरच्या टोकांवर मोजा.

वायर बारीक असणं हे नेहमीचं कारण. बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर जाणं आणि पाच मीटर परत येणं, म्हणजे दहा मीटर. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत हा रोध ०.१८ ओहमच्या आसपास येतो. मोटर १० अँपिअर ओढत असेल तर जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत गेले. २.५ ची वायर टाकली तर पाऊण व्होल्टवर येतं. उन्हात तापलेल्या तांब्याचा रोध आणखी १५ टक्क्यांनी चढतो, मोटरच्या आतल्या तारेचाही. म्हणून सकाळी कसंबसं चालणारं दुपारी थांबतं.

आणि वायर तांब्याचीच आहे का ते बघा. ब्लेडने एक तार खरवडा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो, शिवाय थिंबलखाली (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीखाली) दाबलेली तार काही दिवसांत ढिली होते. अशी वायर दुरुस्त करत बसू नका. काढा.

अर्थ रंगावर दिलेला असतो, ही दुसरी नेहमीची चूक. पत्र्यावरचा रंग उजळ धातू दिसेपर्यंत घासा, दात्यांचा वॉशर लावा, बोल्ट आवळा, वरून ग्रीसचा हात फिरवा. सीट बेल्टच्या बोल्टखाली अर्थ कधीही देऊ नका. तो बोल्ट माणसाला धरून ठेवण्यासाठी आहे.

लिमिट स्विच आणि डायोड

टोकाला पोचून कण्हणारी किंवा टोकाहून परत न येणारी पॅनलं इथे येतात. दोन्ही लक्षणं विरुद्ध वाटतात, पण बऱ्याचदा दोष एकाच दोन रुपयांच्या वस्तूत असतो.

स्विच मोटरच्या वायरीत असेल तर त्याला समांतर एक डायोड असतो. टोकाला स्विच उघडला की मोटर थांबते, आणि उलट दिशेचा करंट डायोडमधून जाऊन तिला परत फिरवतो. डायोड तुटला तर पॅनल टोकाला जाऊन तिथेच बसतं. डायोड शॉर्ट झाला तर स्विच उघडूनही मोटर थांबत नाही. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून, डायोडचं एक टोक सोडवून मोजा: एका बाजूने ०.५ ते ०.७, दुसऱ्या बाजूने काहीच नाही. दोन्हीकडे आकडा किंवा दोन्हीकडे काहीच नाही, तर बदला. छोट्या ॲक्च्युएटरला १एन ५४०८ पुरतो, तो ३ अँपिअरचा. पॉवर विंडोच्या मोटरला तो पुरत नाही.

डायोड ठीक आणि तरी मोटर थांबत नसेल तर स्विचचे संपर्क चिकटलेले असतात. लहान मायक्रोस्विचमधून मोटरचा पूर्ण करंट नेला की हे आज ना उद्या होतंच. माझं मत विचाराल तर स्विच मोटरच्या वायरीत ठेवायचाच नाही. तो रिलेच्या कॉइलच्या वायरीत घ्यायचा. तिथे करंट पाव अँपिअरच्याही आत असतो, स्विच वर्षानुवर्षं टिकतो आणि या डायोडची गरजच उरत नाही. मात्र लिनियर ॲक्च्युएटरच्या पोटातच स्विच असतील तर ते उघडायला जाऊ नका.

कोन आणि तिरकेपणा

बंद असताना उचलायलाच अडतं, थोडा हात लावला की पुढे सुरळीत जातं, असं असेल तर ॲक्च्युएटर फार आडवा बसवलाय. पॅनलशी त्याचा कोन ३० अंश असेल तर त्याचा निम्माच जोर उचलायला मिळतो. १५ अंशांना जेमतेम चौथाई. जास्त ताकदीचा ॲक्च्युएटर आणून हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण मग बिजागरी आणि प्लाय फाटतो. खालचा ब्रॅकेट शक्य तितका खाली घ्या.

तिरकं चालणाऱ्या पॅनलचं कारण रुंदीत असतं. रुंद ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की अडकतो, तसंच हे. एकच ॲक्च्युएटर असेल तर तो वजनाच्या मध्यावर हवा. पॅनलच्या मध्यावर नव्हे, वजनाच्या; एका बाजूला अँप असेल तर दोन्ही एक नसतात. दोन ॲक्च्युएटर असतील तर एकाच डब्यातले, एकाच मापाचे असूनही ते बरोबरीने चालत नाहीत. ज्याच्यावर भार जास्त तो मागे राहतो. नुसते समांतर जोडून हे कधीच सुधारत नाही. दोन्ही बाजू एका लोखंडी शाफ्टने बांधा, नाहीतर हॉल सेन्सरवाले (किती सरकले ते मोजणारे) ॲक्च्युएटर आणि दोघांना बरोबरीने चालवणारा सिंक कंट्रोलर घ्या.

मोटर

आता मोटर. पिन काढून, मोकळी, थेट बॅटरीवर, मध्ये १० चा फ्यूज ठेवून चालवा. एका सुरात फिरली तर ती चांगली आहे. आवाज चढत-उतरत असेल, एखाद्या जागी टकटक होत असेल तर गिअरचा दात गेला. जळका वास असेल तर ती संपली. भंगारातून आणलेली पॉवर विंडोची मोटर असेल तर डाव्या-उजव्या बाजूचा फरक बघून मगच दुसरी आणा.

इथे थांबा

डॅशबोर्ड किंवा सीटच्या कामात पिवळं कनेक्टर किंवा पिवळ्या आवरणाची वायर दिसली तर ती एअरबॅगची. तिला मीटरही लावू नका. काम गाडीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी वायर दिसली की तिथेच हात मागे. फ्यूज बदलल्यावर लगेच दुसऱ्यांदा गेला, वायर हाताला चटका देते, कार्पेटखालून वास येतो, रात्रभरात बॅटरी उतरते, अशा वेळी बॅटरीचं मायनस काढून गाडीच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. चेसिसला वेल्डिंग करायची वेळ आली तर तेही घरचं काम नाही. वाकलेला ब्रॅकेट किंवा झिजलेला बुश मात्र इलेक्ट्रिशियनकडे नेऊन उपयोग नाही. तो संभाजीनगरात चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या लेथवाल्याकडे, जुना नमुना हातात देऊन.

ज्याच्याकडे जाल त्याला "मोटर बघा" म्हणू नका. टेपवरच्या खुणा दाखवा, रिले बदलल्यावर दिशा बदलली की नाही ते सांगा, आणि चालत असताना मोटरच्या टोकांवर किती व्होल्ट आले तो आकडा द्या. एवढं हातात असलं की जाणता कारागीर पॅनल उघडण्याआधीच सांगेल की गाडी संध्याकाळी मिळेल का दोन दिवसांनी.